उंबरठा पायरीत धरत नाहीत

माझ्या मैत्रिणीच्या घराला पुढचं दार आहे हे मला माहीत होतं, पण त्या दारानं मी कधी फारशी आत गेले नव्हते. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. शाळा सुटली की मी तिच्याबरोबर टेकडी चढायची आणि मागीलदारानं थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरायची. आमच्याकडे घराची दोन्ही दारं आपापली माणसं ओळखून असतात. पुढीलदार पाहुण्यांचं, पोस्टमनचं आणि लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्यांचं. मागीलदार घरच्यांचं, मासेवालीचं आणि माझ्यासारख्यांचं. तिथे चपला काढायच्या, दगडी दोणीतलं पाणी पायावर घ्यायचं आणि आत जाऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसायचं. ती चहाचं आधण ठेवायची आणि मी मुख्याध्यापकांना नावं ठेवायला सुरुवात करायची. आम्ही दोघी निवृत्त झालो, मुख्याध्यापकही झाले, तरी नावं ठेवायचं काम काही संपलं नव्हतं.

मग माझ्या पाठीच्या कण्याचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पाय गेले. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाही. व्हीलचेअरची सवय होते. मांडवीला आमच्या घराजवळ रस्ता सपाट आहे, संध्याकाळी समुद्रापर्यंत जाता येतं, भेळवाला माझी खुर्ची लांबून ओळखतो. सवय होत नाही ती लोकांच्या चांगल्या वागण्याची. सगळे एकदम शहाण्यासारखे वागायला लागतात. मी दिसले की रस्ता मोकळा, टेबल बाजूला, आवाज खाली.

मैत्रीणही आमच्याकडे येऊ लागली. दर आठवड्याला रिक्षानं यायची, डबा आणायची, आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या कडेवर बसायची. 'बरी आहेस ना गो?' असं विचारायची. आम्ही इतकी वर्षं वाद घालत आलेल्या बायका. वालाच्या आमटीत गूळ किती, कोकमं किती, हा आमचा कायमचा तंटा. तिच्या मते मला स्वयंपाकातलं शष्प कळत नाही, आणि माझ्या मते ती आमटीचं पन्हं करते. एकदा तिच्या डब्यातली आमटी चाखून मी मुद्दाम म्हटलं, "गूळ जास्त झालाय." वाटलं, आता भडकेल. ती म्हणाली, "होय गो, खरंय तुझं." ती गेल्यावर मला रडूच आलं. माझे पाय गेले तेव्हा मैत्रीणही गेली आणि तिच्या जागी कोणीतरी समजूतदार बाई यायला लागली, असं वाटलं. तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्याशिवाय हे दुरुस्त होणार नव्हतं, एवढं मला कळत होतं.

एकदा प्रयत्न केला होता. तिच्या घरच्या गणपतीला चार पुरुषांनी मला खुर्चीसकट उचलून पायरी चढवलं. "शिमग्याआधीच पालखी आली!" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. पण पालखीतल्या देवाला पडायची भीती नसते आणि त्याची साडीही वर सरकत नाही. उतरताना एकाचा हात निसटला, खुर्ची कलली, मी किंचाळले. घरी आल्यावर मी जाहीर केलं की यापुढे मला कोणी उचलायचं नाही. ज्या घरात चाकं जात नाहीत त्या घरात मी जात नाही.

माझे यजमान पोफळीच्या वीज प्रकल्पात आरेखक होते. नोकरीभर नकाशे काढले, त्यामुळे घरात मोजायला काही उरलं नाही की त्यांना अस्वस्थ वाटतं. माझी प्रतिज्ञा ऐकून त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे रॅम्प हवा," ते म्हणाले. "बरोबर नेता येईल असा."

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आधी त्यांनी सुताराकडून एक फळी आणली. ती अंगणातल्या पायरीला लावली, स्वतः रिकामी खुर्ची ढकलत चढले आणि जांभ्याच्या लाल धुळीवरून फळी मागे सरकल्यावर तसेच खाली आले. मग एका वर्कशॉपमध्ये चौकडीच्या पत्र्याचा लोखंडी रॅम्प करून घेतला. तो मजबूत होता, त्यावरून रिक्षा गेली असती. पण तो गाडीत चढवायलाच दोन माणसं लागत. म्हणजे मला न उचलता लोकांनी रॅम्प उचलायचा. तो आता आमच्या नारळाच्या बुंध्याशी आहे, त्यावर मांजर झोपतं.

मग आम्ही ॲल्युमिनियमच्या रॅम्पकडे वळलो. त्यातही प्रकार. दोन वेगळ्या पन्हळी असतात, दुर्बिणीसारख्या लांब करता येणाऱ्या, एकेका चाकाखाली एकेक. वजनाला हलक्या, पण पुढची छोटी चाकं त्यात अडकतात, आणि ढकलणाऱ्याला मधून चालावं लागतं. आमच्या यजमानांचा तोल सपाट रस्त्यावरही जेमतेम, म्हणून त्या बाद. सतरंजीसारखा गुंडाळायचा एक प्रकार असतो, तो आमच्या खडबडीत चिऱ्यांवर नीट बसेल असं वाटेना. शेवटी उभा दुमडून सुटकेससारखा हातात धरायचा तो प्रकार पसंत पडला. कडेला पट्टी, म्हणजे चाक घसरायला नको. वर वाळूच्या कागदासारखा खरखरीत पृष्ठभाग, म्हणजे ओलसर हवेत भीती नको. डिकीत मावतो आणि एक माणूस उचलू शकतो.

राहिला प्रश्न लांबीचा. यजमान समजावायला लागले की त्यांना आवरणं कठीण. "आपलं आपण चढायचं तर उंचीच्या बारापट लांबी हवी. फूटभर उंचीला बारा फूट."

"एवढा रॅम्प लावला तर त्याचं खालचं टोक लोकांच्या विहिरीत जाईल," मी म्हटलं.

"म्हणून मागून ढकलणारा माणूस धरायचा. मग थोडा चढा चालतो. पण आधी उंची कळायला हवी."

उंची कळावी म्हणून त्यांनी मैत्रिणीला फोन लावला. स्पीकरवर असल्यानं मी सगळं ऐकत होते.

"वहिनी, तुमच्या पुढीलदाराला पायऱ्या किती?"

"एकच हो भावोजी."

"केवढी?"

"पायरीएवढी. आमच्या सासूबाई चढतात की हो रोज."

बरंच खोदून विचारल्यावर ती पट्टी घेऊन पायरी मोजून आली. तेवढ्या उंचीच्या हिशेबानं यजमानांनी चार फुटी रॅम्प मागवला. तो आला, आम्ही आमच्याच अंगणात सराव केला, छान जमला. पुढच्या रविवारी तो डिकीत टाकून टेकडीवर गेलो.

मैत्रीण, तिचा नवरा आणि सासूबाई पुढच्या अंगणात, खळ्यात उभे. यजमानांनी रॅम्प उघडला, पायरीवर टेकवला, हलवून पाहिला. मैत्रिणीच्या नवऱ्यानं बाजूनं धरलं, यजमानांनी मागून ढकललं, आणि मी सुळकन वर गेले. वर गेले आणि थांबले. समोर उंबरठा. साधासुधा नव्हे, जुन्या फणसाच्या लाकडाचा, चांगला घोट्याच्या वर येईल असा उंच. पायरी एवढी अरुंद की पुढची चाकं उंबरठ्याला टेकलेली आणि मागची अजून रॅम्पवर. यजमान मागे खुर्ची धरून घामाघूम.

"हा काय?" त्यांनी विचारलं.

"उंबरठा," मैत्रीण म्हणाली.

"मग सांगितलं नाहीत!"

"तुम्ही पायऱ्या विचारल्यात. उंबरठा काय पायरी असत्ये? त्याच्यावर कोण पाय ठेवतं?"

यावर माझे यजमान, इतकी वर्षं धरणाचे आणि बोगद्याचे नकाशे काढलेला माणूस, मान डोलवायला लागले. कारण तिचं बरोबर होतं. जिच्यावर पाय ठेवायचा ती पायरी. उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाही असं आम्हा सगळ्यांना चालायला यायच्या आधीपासून सांगितलेलं. तो ओलांडायचा, त्यावर हळदकुंकू वाहायचं, पण मोजायचा नाही. त्यात आमच्या घरचे उंबरठे मी दवाखान्यातून यायच्या आत सुताराकडून काढून घेतलेले, त्यामुळे जगात इतरत्र उंबरठे असतात हे आम्ही विसरलो होतो.

मला परत खाली घेतलं. आता लांब रॅम्प आणला तरी त्याचं टोक टेकायचं म्हणजे उंबरठ्यावरच. ते चालेल का, हे कोणी मोठ्यानं विचारेना. सगळे सासूबाईंकडे बघायला लागले. त्या नव्वदीच्या आसपासच्या, रोज पहाटे स्वतः उंबरठा पुसणाऱ्या. त्यांनी जरा विचार केला.

"पाय ठेवू नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "चाकाचं कोणी काय सांगितलेलं नाय. आण गो बाय तुझी गाडी."

त्या दिवशी चहा खळ्यातच झाला आणि फार मजेत झाला. यजमानांनी उंबरठा बाहेरून मोजला, आतून मोजला, दोनदा मोजला. मग चार फुटी रॅम्प परत पाठवून सात फुटी आणला, आणि उंबरठ्यावरून आत उतरायला एक लाकडाची पाचर करून घेतली. सात फुटी चौपदरी दुमडतो, वजन जरा जास्त, पण यजमान तो उचलताना पाठ ताठ ठेवतात आणि कोणी मदत करायला आलं तर नको म्हणतात.

पुढच्या खेपेला मी आत गेले. चाकं उंबरठ्यावरून गेली, पाचरीवरून उतरली आणि मी तिच्या पुढच्या खोलीत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रीण कडक इस्त्रीची साडी नेसली होती. कोचावर नवी चादर, टीपॉयवर फुलं. तिनं ट्रेमधून कोकम सरबत आणलं, ट्रेवर विणलेला रुमाल. बशीत लाडू, चिवडा, वर चमचा. "घे ना," ती म्हणाली. "संकोच करू नकोस." आम्ही हवेबद्दल बोललो. आंब्याला यंदा मोहोर कसा आहे त्याबद्दल बोललो. स्वयंपाकघराचं दार मला दिसत होतं, पण मधल्या खोलीतून तिथे जायला आत आणखी एक पायरी आणि आणखी एक उंबरठा, आणि दार एवढं अरुंद की खुर्ची अडकली असती. निघताना तिनं मला कुंकू लावलं आणि हातावर नारळ ठेवला. नारळ घेऊन मी रॅम्पवरून उतरले.

गाडीत यजमान खुशीत होते. "काय, गेलीस ना आत?"

"गेले," मी म्हटलं. "पाहुणी म्हणून गेले. नारळ दिला तिनं मला. मला! तिच्या घरचा अर्धा चिवडा मी डब्यातून उभ्यानं संपवला आहे." आणि मग मी त्यांच्यावर, रॅम्पवर आणि विणलेल्या रुमालावर मनसोक्त चिडले. ते बिचारे गाडी चालवत राहिले. एवढं मोजमाप करून मला नेमकं चुकीच्या दारातून आत घातलं होतं, आणि त्यांना तरी काय बोलणार? कोणाच्या घरी फोन करून 'तुमच्या मागीलदाराची उंची किती' असं विचारतं कोण? विचारायचं झालं तर पुढचंच दार विचारतो माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिला फोन केला. "मला मागीलदारानं यायचंय."

ती म्हणाली, "तिथे सगळं गबाळ असतं गो. भांडी, लाकडं. मागच्या बाजूनं कशी नेऊ तुला? तुला वाईट वाटलं असतं."

"वाईट मला काल वाटलं. लाडूला चमचा कशाला दिलास?"

पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग हसल्याचा. "मला पण कळत नव्हतं काय बोलावं," ती म्हणाली. "तू कोचासमोर बसलीस नि मला वाटलं, शाळा तपासणीला साहेब आलेत."

"मग मागीलदार मोज."

"पट्टी कुठे ठेवल्ये देव जाणे. थांब, हातानं बघत्ये." जरा वेळानं ती परत आली. "माझी वीत पूर्ण भरत नाय. दोन बोटं कमी."

"पायऱ्या?"

"पायरी नायच. आणि हो, उंबरठा धरून सांगत्ये, ऐक."

यजमानांना हे सांगितल्यावर ते कपाळाला हात लावून बसले. "वीत? कोणाची वीत? माणसागणिक बदलते ती!" मी त्यांच्यापुढे माझा हात पसरला. तिची आणि माझी बांगडी एकाच मापाची. शाळेत असताना हळदीकुंकवाला आम्ही एकमेकींच्या बांगड्या भरून जायचो, तिच्या अजून दोन माझ्याकडे आहेत. यजमानांनी माझ्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेप लावली, त्यातून माझीच दोन बोटं वजा केली आणि आकडा बघून हळूच म्हणाले, "अरे वा."

त्यांचं 'अरे वा' मला आधी कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. तिचं घर उतारावर. पुढचं खळं खालच्या अंगाला, म्हणून तिकडे पायरी. मागची बाजू टेकडीला लागून, तिथे जमीन वर येते आणि दार जवळजवळ जमिनीवर. रॅम्प आपला सात फुटी. एवढ्याशा उंचीला एवढा लांब रॅम्प लावला की चढ जेमतेम उरतो. "बारापट," ते म्हणाले. "मागे कोणी नको. तुझी तू जाशील."

वरच्या रस्त्यानं गाडी थेट परसाच्या दगडी गडग्यापाशी जाते हे मला ठाऊक होतं, कारण तिच्याकडची लाकडं त्याच वाटेनं येत. आम्ही न कळवता गेलो, मागीलदाराला कळवून जात नाहीत. दुपार कलली होती. हळदीची पानं, अळू, दोणीशेजारी घासायला पडलेली भांडी, दोरीवर पायपुसणी. यजमानांनी रॅम्प लावला, वरचं टोक उंबरठ्यावर बसल्याची खात्री केली आणि बाजूला झाले. त्यांना ढकलायची फार इच्छा होती ते दिसत होतं. मी म्हटलं, "तुम्ही पुढीलदारी जाऊन बसा. तुम्ही पाहुणे."

मी चाकांना हात घातला. एकदा दम घेतला, मध्ये एकदा थांबले, रॅम्प जरासा खडखडला. मग पुढची चाकं उंबरठ्यावर टेकली आणि पाठोपाठ मी आत. आतली जमीन उंबरठ्याच्या बरोबरीची, पाचरसुद्धा लागली नाही. मोहरीच्या फोडणीचा वास आणि धूर. मैत्रीण जुन्या गाऊनवर टॉवेल टाकून ओट्यापाशी पाठमोरी उभी, कढईत काहीतरी परतत होती. तिनं मान वळवली, मला बघितलं, डोळे भरून आले तिचे, पण कढईतलं करपत होतं.

"आलीस?" ती म्हणाली. "ते वाल भिजवल्येत, सोलायला घे."

मी परात मांडीवर घेतली. भिजलेला वाल चिमटीत धरला की डाळिंबी सुटकन बाहेर येते, ते माझ्या बोटांना अजून येत होतं. मी सोलता सोलता विचारलं, "आज तरी गूळ बेतानं घालणार आहेस ना?"

"तुला काय कळतं गो आमटीतलं?" ती म्हणाली. "मुंबईच्या खाणावळीसारखी नुसती तिखट करत्येस ती. माझी सासू माझ्या हातचं नव्वदीतही मागून खात्ये, आणि हिला गूळ खुपतो!"

"सासूबाईंना दात नाहीत, गोड लागतं ते मागतात."

"ऐकतायत त्या आतून. ऐकतायत म्हणून सांगत्ये."

मग तिला मिसळणाचा डबा हवा होता. तो माझ्या मागच्या फळीवर. ती डावीकडून आली, माझं चाक मध्ये. उजवीकडून आली, माझे पाय मध्ये. एका हातात झारा, त्यावरून तेल गळतंय, फोडणी जळतेय. मला लागलेल्या चांगल्या वागण्याच्या सवयीनं मी आपसूक वाट बघत राहिले, की आता ती काहीतरी हलवेल, वळसा घेईल, 'असू दे असू दे' म्हणेल.

"सरक गो!" ती ओरडली. "मध्येच काय बसल्येस मेली वाटेत!"

दोन वर्षांत मला कोणी सरक म्हटलं नव्हतं. परात मांडीवर सांभाळत मी चाकं मागे घेतली आणि सरकले.